डाळ मिलच्या मातीतला बॅसिलस: प्रोटीएज ६० युनिटच्या वर जाईना

यावलकर_मायक्रो

राम राम मंडळी. जळगावच्या एका डाळ मिलच्या आवारातल्या मातीतून अल्कलाइन प्रोटीएज (क्षारीय पाण्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम) देणारा बॅसिलस जीवाणू वेगळा केला आहे. स्किम मिल्क अगारवर (दूध मिसळलेल्या प्लेटवर) ३० तासांत कॉलनीभोवती १८ मि.मी.चं स्वच्छ वलय येतं. द्रव मीडियममध्ये मात्र आकडा ६० युनिटच्या वर सरकत नाही (एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोग्रॅम टायरोसिन, प्रति मि.लि.). मधूनच तोच स्ट्रेन २५ वर येतो.

मांडणी अशी: २५० मि.लि.च्या फ्लास्कमध्ये १०० मि.लि. मीडियम. ग्लुकोज १ टक्का, पेप्टोन ०.५, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ०.५, डायपोटॅशियम फॉस्फेट ०.१, मॅग्नेशियम सल्फेट ०.०२, सोडियम कार्बोनेट ०.५ टक्के. सगळं एकत्र ऑटोक्लेव्ह होतं. बाहेर काढल्यावर रंग काळ्या चहासारखा आणि तळाला थोडा पांढरा गाळ. सुरुवातीचा पीएच ९.५. इनॉक्युलम (टोचायचं जीवाणूंचं बियाणं) रात्रभर वाढवलेला, २ टक्के. शेकर १५० आरपीएम, सेटिंग ३७ अंश. ४८ तासांनी एकच सॅम्पल. अ‍ॅसे (एन्झाइमची मोजणी) केसीन या दूधप्रथिनावर: १० मिनिटं, मग टीसीए (क्रिया थांबवून प्रथिन खाली बसवणारं आम्ल), फॉलिन (टायरोसिनशी निळा रंग देणारं द्रावण), ६६० नॅनोमीटर. एन्झाइम पातळ न करता घेतो, वाचन १.१ च्या आसपास येतं.

विचारायचं ते असं. यूव्ही म्युटेशन (अतिनील किरणांनी जनुकं बदलणं) करावं का? ग्लुकोज-पेप्टोनऐवजी तुरीची चुनी किंवा सरकी पेंड चालेल का? रिस्पॉन्स सरफेसचं (अनेक घटक एकत्र बदलून उत्तम प्रमाण काढणारं) सॉफ्टवेअर मिळालं आहे, थेट त्यावर गेलं तर? शेवटचा हेतू सुती कापडावरचा रक्ताचा डाग काढून बघण्याचा, आणि जमलं तर धुण्याच्या पावडरीत वापरण्याचा.

निळा_फॉलिन

भाऊ, म्युटेशन आणि सॉफ्टवेअर दोन्ही बाजूला ठेवा. तुमचा ६० हा आकडाच खरा वाटत नाही.

हिशोब मांडून बघा. ५ मि.लि. केसीन, १ मि.लि. एन्झाइम, ५ मि.लि. टीसीए, असं एकूण ११ मि.लि. धरतो. त्यातला २ मि.लि. फिल्ट्रेट रंगासाठी. ६० युनिट म्हणजे त्या २ मि.लि.मध्ये ६० गुणिले १० गुणिले २ भागिले ११, म्हणजे साधारण १०९ मायक्रोग्रॅम टायरोसिन. स्टँडर्ड कर्व्ह (माहीत प्रमाणातल्या टायरोसिनच्या रंगाचा आलेख) सहसा १०० मायक्रोग्रॅमला, म्हणजे ०.५५ मायक्रोमोलला संपतो. तुमचं वाचन कर्व्हच्या बाहेर आहे. एन्झाइम इतकं जास्त आहे की पहिल्या दोन-तीन मिनिटांतच केसीनचा सोपा भाग कापून होतो आणि उरलेली मिनिटं वक्र सपाट चालतो. चांगला फ्लास्क आणि मध्यम फ्लास्क, दोन्ही ६० च दाखवतील.

उपाय साधा आहे. तेच सॅम्पल १:१०, १:२०, १:४० करून लावा. जितक्या पट पातळ केलं तितक्याने गुणल्यावर दोन लागोपाठचे आकडे जुळले की तिथून पुढे अ‍ॅसे सरळ रेषेत आहे. रंगाचं वाचन ०.१५ ते ०.५ मध्ये ठेवा.

आणखी चार गोष्टी तपासा.

ब्लँकमध्ये (वजा करायच्या तुलनेच्या नळीत) टीसीए आधी, एन्झाइम नंतर. पाण्याचा ब्लँक चालणार नाही, कारण तुमच्या पेप्टोन-यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये मोकळं टायरोसिन असतं आणि ते फॉलिनशी रंग देतंच. प्रत्येक सॅम्पलला त्याचा स्वतःचा ब्लँक हवा.

टीसीए घातल्यावर लगेच गाळू नका. ३७ अंशाला ३० मिनिटं ठेवा, नाहीतर बारीक साका गाळणीतून जातो. फिल्ट्रेट जरा जरी धूसर असेल तर वाचन फुगतं.

फॉलिन घातल्याक्षणी नळी हलवा. कार्बोनेटच्या क्षारीय द्रावणात फॉलिन पटकन निकामी होतं. सहा नळ्यांत घालून मग एकदम हलवल्या तर पहिली आणि सहावी जुळत नाहीत. प्रमाण: २ मि.लि. फिल्ट्रेट, ५ मि.लि. अर्धा मोलर सोडियम कार्बोनेट, १ मि.लि. पातळ फॉलिन, ३० मिनिटं.

केसीन कोणत्या पीएचला विरघळवता ते लिहिलं नाही. पीएच ७.५ च्या फॉस्फेटमध्ये मोजून अल्कलाइन प्रोटीएजचा निष्कर्ष काढता येत नाही. ग्लायसिन–सोडियम हायड्रॉक्साइड बफर, ५० मिलिमोलर, पीएच ९.५ ते १०, केसीन ०.६५ ते १ टक्का. ८० अंशापर्यंत ढवळत गरम करा, उकळू देऊ नका, थंड झाल्यावर पीएच पुन्हा बघा.

युनिट लिहिताना मायक्रोग्रॅम की मायक्रोमोल ते दर वेळी लिहा. टायरोसिनचा रेणुभार १८१ आहे, म्हणजे तुमचे ६० हे मायक्रोमोलमध्ये ०.३३ होतात. शोधनिबंधातल्या आकड्यांशी तुलना करताना इथेच सगळे घसरतात.

तापीकाठ

अ‍ॅसेचं निळा_फॉलिन यांनी सांगितलंच. मी फ्लास्कमधलं सांगतो.

पहिलं, हवा. २५० च्या फ्लास्कमध्ये १०० मि.लि. म्हणजे ४० टक्के भरलेला. १५० आरपीएमला त्यात बॅसिलसला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. हवा कमी पडली की पेशी ग्लुकोजचं अ‍ॅसिटेट आणि इतर आम्लं करतात, पीएच खाली येतो, प्रोटीएजचं बघायलाच नको. ५० मि.लि. करा, शक्य तर २५. आणि १८० ते २०० आरपीएम. बुचाकडेही लक्ष द्या. औषधाच्या दुकानातला सर्जिकल कापूस पाणी पितो. फेस वर आला की बूच भिजतं आणि हवा बंद. आपल्याकडे जिनिंगमधला कच्चा कापूस सहज मिळतो, त्यावरचं नैसर्गिक मेण काढलेलं नसतं, म्हणून तो पाणी धरत नाही. बुचाला तोच घ्या, घट्ट ठासू नका.

दुसरं, ग्लुकोज. बॅसिलस प्रोटीएज सोडतो ते सहज मिळणारं अन्न संपत आल्यावर, म्हणजे वाढीच्या वेगाच्या टप्प्याच्या शेवटी आणि पुढे. १ टक्का ग्लुकोज समोर असताना कॅटाबोलाइट रिप्रेशन (सोपी साखर असेपर्यंत इतर एन्झाइमांची जनुकं बंद ठेवणं) चालू राहतं. नायट्रोजनचंही तेच: मोकळी अमिनो आम्लं मुबलक असली की कोडवाय नावाचं नियंत्रक प्रथिन ती जनुकं दाबून ठेवतं. तुमच्या मीडियममध्ये दोन्ही दारं बंद आहेत. ग्लुकोज ०.२ टक्क्यावर आणा आणि मुख्य कार्बन म्हणून १ टक्का स्टार्च द्या, बॅसिलसचं अमायलेज तो हळूहळू फोडतं. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ०.१ पुरे. पेप्टोनच्या जागी केसीन किंवा सोयापेंडीसारखं न तुटलेलं प्रथिन.

रावेर-यावलच्या पट्ट्यात तर स्टार्चला तोटा नाही. प्रतवारीत बाजूला काढलेली कच्ची केळी घ्या, हिरवीच. पिकली की स्टार्चची साखर होते आणि आपण पुन्हा ग्लुकोजच्या फेऱ्यात. सोलून चकत्या लगेच ०.५ टक्के सायट्रिक आम्लात टाका, नाहीतर काळ्या पडतात. ६० अंशाला कडकडीत वाळवा, दळा, चाळा. २ टक्क्यांच्या वर जाऊ नका. ऑटोक्लेव्हमध्ये खळीसारखं घट्ट होतं आणि ऑक्सिजन विरघळत नाही.

तिसरं, तो चहाचा रंग. ग्लुकोज, अमिनो आम्लं आणि क्षार १२१ अंशाला एकत्र आले की एकमेकांना खातात. साखरही जाते आणि बनलेले तांबूस पदार्थ वाढ अडवतात. पांढरा गाळ मॅग्नेशियम फॉस्फेट-कार्बोनेटचा. सोडियम कार्बोनेट १० टक्के, ग्लुकोज २० टक्के, मॅग्नेशियम सल्फेट २ टक्के असे तीन स्टॉक वेगळे ऑटोक्लेव्ह करा. ५० मि.लि. मीडियमला कार्बोनेट स्टॉक २.५ मि.लि., ग्लुकोज ०.५ मि.लि., मॅग्नेशियम ०.५ मि.लि., सगळं थंड झाल्यावर. एवढं पाणी आधीच कमी धरायचं. बोअरचं पाणी नको, त्यातला कॅल्शियम कार्बोनेटबरोबर लगेच खाली बसतो.

चौथं, उन्हाळा. मे महिन्यात दुपारी खोली ४२ वर असताना कूलिंग नसलेला शेकर ३७ धरूच शकत नाही, त्याला फक्त तापवता येतं. मोटरची उष्णता वेगळी. डिस्प्लेवर विसंबू नका. एका फ्लास्कमध्ये ५० मि.लि. पाणी आणि थर्मामीटर ठेवून दुपारी तीनला आणि पहाटे पाचला वाचा. खोलीच्या कमाल तापमानापेक्षा सेटिंग चार-पाच अंश वर असेल तरच ते स्थिर राहतं. तेव्हा एकतर खोलीत कूलर लावा, आपल्या कोरड्या हवेत तो चांगला चालतो, नाहीतर आयसोलेट सोसत असेल तर ४५ वरच प्रयोग करा. बरेच बॅसिलस सोसतात.

याच उन्हाळ्यात बाष्पीभवन फसवतं. ५० मि.लि.चे ४४ झाले तर काहीही न वाढता एन्झाइम १३-१४ टक्के जास्त दिसतं. सुरुवातीला फ्लास्क बुचासकट तोला, काचेवर वजन लिहा. प्रत्येक सॅम्पल घेण्याआधी पुन्हा तोलून घट निर्जंतुक पाण्याने भरा. सॅम्पल काढल्यावर जे वजन भरतं ते पुढच्या वेळेसाठी नवीन धरायचं.

लाइट गेली तर वेळ आणि मिनिटं वहीत लिहा. थांबलेल्या शेकरमधला विरघळलेला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो. १२ ते ३० तासांच्या दरम्यान अर्धा तास खंड पडलेला फ्लास्क तुलनेतून वगळा.

आणि ४८ तासांना एकच सॅम्पल घेऊन काही कळत नाही. १२, १८, २४ आणि पुढे दर चार तासांनी ४८ पर्यंत. प्रत्येक वेळी पीएच आणि अ‍ॅक्टिव्हिटी. शिखर ३२ ला येऊन गेलं असेल तर ४८ ला तुम्ही स्वतःलाच पचवणारं प्रोटीएज मोजत आहात.

स्पोर८०

६० वरून २५ का होतं त्याचं बहुधा उत्तर स्टॉकमध्ये आहे. दर पंधरा दिवसांनी स्लँटवरून (तिरक्या अगारच्या नळीवरून) स्लँटवर नेत असाल तर दर वेळी जोमाने वाढणाऱ्या पेशींची निवड होते. प्रोटीएज बनवायला पेशीला खर्च येतो; न बनवणाऱ्या पुढे जातात. नवीन स्लँटवरून ५० कॉलन्या स्किम मिल्कवर टोचून बघा, वलयांत लहान-मोठं दिसलं की समजा.

बॅसिलसला स्पोर आहेत, त्यांचा उपयोग करा. न्यूट्रियंट अगारमध्ये लिटरला १० मि.ग्रॅ. मँगनीज सल्फेट घाला, ३७ अंशाला पाच दिवस. स्मिअरमध्ये ९० टक्के स्पोर दिसले की थंड निर्जंतुक पाण्यात खरवडा, तीनदा धुवा, ८० अंशाला १० मिनिटं ठेवा, छोट्या व्हायलमध्ये भरून ४ अंशाला. फ्रिज रात्रभर बंद राहिला तरी स्पोरना काही होत नाही. उणे २० चे ग्लिसरॉल स्टॉक मात्र वितळून-गोठून मरतात. प्रत्येक प्रयोग एका नव्या व्हायलपासून.

इनॉक्युलम 'रात्रभर' असं लिहू नका. ६०० नॅनोमीटरला ओडी (गढूळपणाचं वाचन) ०.८ ते १ झाला की घ्या, तास कितीही लागोत. आणि तो क्षारीय मीडियममध्येच वाढवा. पीएच ७ वरून ९.५ मध्ये टाकला की लॅग (वाढ सुरू होण्याआधीचा काळ) लांबतो.

आता जास्त महत्त्वाचं. डाळ आणि धान्याच्या मातीतून स्किम मिल्कवर सगळ्यात मोठं वलय देणारा आयसोलेट पुष्कळदा बॅसिलस सिरियस गटातला निघतो. तो अन्नविषबाधा करतो. तो लिटरभर वाढवायचा नाही, आणि कपड्याच्या पावडरीत तर अजिबात नाही. मॅनिटॉल–एग योक–पॉलिमिक्सिन अगारवर रेघ मारा: गुलाबी कॉलनी आणि भोवती पांढुरका साका आला तर काम तिथेच थांबवा. ब्लड अगारवर हिमोलायसिसही (रक्तपेशी फुटून पडणारं वलय) बघा. हे साफ निघालं की १६एस (जीवाणू ओळखायला वापरतात त्या जनुकाचा क्रम) करून घ्या. सबटिलिस आणि त्याचे जवळचे भाऊबंद नुसत्या १६एसने वेगळे पडत नाहीत, त्यासाठी जायरेज-बी जनुकाचा क्रम लागतो.

चुनीभुसा

चुनीबद्दल. तुरीची चुनी चालते, पण ती गोणीतून काढून तशीच टाकायची वस्तू नाही. तिच्यात टरफल, डाळीचे तुकडे, कोंब आणि माती सगळं असतं. पाखडून माती काढा, बारीक दळा, मैद्याच्या चाळणीतून जाईल तेवढंच घ्या. २ टक्के. कोरड्या गुठळीच्या आत वाफ पोचत नाही आणि मातीतले स्पोर जिवंत राहतात, म्हणून आधी तासभर पाण्यात भिजवून, हलवून, मग १२१ अंशाला ३० मिनिटं. प्रत्येक बॅचला एक फ्लास्क इनॉक्युलम न घालता शेकरवर ठेवा. तो ४८ तासांनी गढूळला किंवा त्यात अ‍ॅक्टिव्हिटी आली तर सगळी बॅच बाद.

डाळींत प्रोटीएज अडवणारी प्रथिनं असतात. नीट ऑटोक्लेव्ह केल्यावर बहुतेक निकामी होतात. खात्री करायची तर न टोचलेल्या फ्लास्कचा रस १ मि.लि. तुमच्या चांगल्या एन्झाइममध्ये मिसळून अ‍ॅसे लावा. आकडा पडला तर अडवणूक शिल्लक आहे.

सरकी पेंड मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. घाण्याच्या पेंडीत तेल राहतं आणि गॉसिपॉल (सरकीतलं विषारी रंगद्रव्य) असतं, रसही पिवळट-तपकिरी येतो. तेल काढलेली, सॉल्व्हंटची पेंड मिळाली तर १ टक्का वापरून बघा.

चुनी घातली की ओडी विसरा, कण मोजले जातात. वाढ प्लेट काउंटनेच बघायची. अ‍ॅक्टिव्हिटीआधी ४ अंशाला ८,००० ते १०,००० आरपीएमवर १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज, वरचा निवळ रस तेवढाच.

यावलकर_मायक्रो

सगळ्यांचे मनापासून आभार. कालचं सॅम्पल पातळ करून लावलं. पातळ न करता ६०, १:१० ला १८८, १:२० ला २१२, १:४० ला २१५. मीडियमचा पीएच ९.५ वरून २४ तासांत ७.१ वर आलेला सापडला. एग योक प्लेट टोचली आहे. ती साफ निघाली तर आता माध्यमाचे घटक एकेक बदलत जाऊ की प्लॅकेट–बर्मन (थोड्या फ्लास्कमध्ये अनेक घटक एकदम तपासण्याची मांडणी)? आणि म्युटेशन अजिबातच नको का?

निळा_फॉलिन

बघा, तुमच्या हातात आधीपासूनच २१० होते. १:२० पक्की करा.

पीएचच्या पडझडीचं कारण तापीकाठ यांनी लिहिलंच आहे: जास्त ग्लुकोज, कमी हवा. ते दोन बदल आधी, बाकी काही न हलवता. ते स्थिर झाल्यावर प्लॅकेट–बर्मन: १२ फ्लास्कमध्ये ११ घटकांपर्यंत बसतात. तुम्ही सातच घ्या (केळीचा स्टार्च, चुनी, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, कार्बोनेट, फॉस्फेट, मॅग्नेशियम, इनॉक्युलमचं प्रमाण) आणि चार रकाने रिकामे ठेवा. त्यांच्यावरून प्रयोगाची चूक किती ते कळतं. फ्लास्क शेकरवर चिठ्ठ्या टाकून मांडा, कडेचे आणि मधले सारखे हलत नाहीत. एका फ्लास्कमधून तीनदा अ‍ॅसे म्हणजे तीन रिप्लिकेट नव्हेत, तीन फ्लास्क हवेत. त्यातून जे दोन-तीन घटक निघतील त्यांच्यावर बॉक्स–बेनकेन (रिस्पॉन्स सरफेसची एक मांडणी): तीन घटकांना १५ फ्लास्क, मधल्या बिंदूचे तीन धरून. सॉफ्टवेअरने सांगितलेला उत्तम बिंदू तुमच्या मर्यादेच्या कडेवर आला तर तो उत्तम नाही, मर्यादा सरकवा. आणि तो बिंदू तीन ताज्या फ्लास्कवर पडताळल्याशिवाय लिहू नका.

स्पोर८०

म्युटेशन नको असं नाही, पण माध्यम बसल्यावर, कारण पालक स्ट्रेनचा आकडा १० टक्क्यांच्या आत पुन्हा पुन्हा आला नाही तर म्युटंट ओळखणार कसा?

करायचं तेव्हा: वाढत्या अवस्थेतल्या पेशी (स्पोर नव्हे, ते यूव्ही सोसतात) सलाइनमध्ये धुवून, १० मि.लि. उघड्या पेट्री डिशमध्ये, २५४ नॅनोमीटरची १५ वॉटची नळी ३० सें.मी.वर. नळी २० मिनिटं आधी लावून स्थिर होऊ द्या. ०, १५, ३०, ६०, ९०, १२० सेकंदांचे नमुने काढून जगण्याचा वक्र काढा आणि ९९ टक्के मरतात तो वेळ निवडा. नंतर सगळं लाल दिव्यात. साध्या उजेडात पेशी इजा दुरुस्त करून टाकतात. ब्रॉथमध्ये दोन-तीन तास अंधारात वाढवून मग प्लेट. डोळ्यांना यूव्ही चष्मा, हातात मोजे, यात तडजोड नाही. ईएमएससारखी म्युटेशन घडवणारी रसायनं कर्करोगकारक आहेत, फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट) आणि विल्हेवाटीची सोय नसलेल्या लॅबमध्ये आणूच नका.

निवड वलयावर करू नका. वलय एन्झाइम अगारमध्ये किती पसरतं आणि कॉलनी किती मोठी आहे त्यावर ठरतं. तुमचंच १८ मि.मी.चं उदाहरण आहे. प्लेटवरून ठळक शंभरेक उचला, ५ मि.लि.च्या नळ्यांत वाढवा, प्रत्येक रॅकमध्ये पालक स्ट्रेनच्या दोन नळ्या. वरचे पाच फ्लास्कवर, आणि जो टिकेल त्याला दहा सबकल्चर करून पुन्हा मोजा.

तापीकाठ

पावडरीचा विषय राहिला, तो सोडू नका. रस ४ अंशाला थंड करून आधी पीएच ७.५ वर आणा. पीएच ९.५ मध्येच अमोनियम सल्फेट टाकलं तर अमोनिया सुटतो, डोळे झोंबतात आणि हिशोबही चुकतो. ७० टक्के संपृक्ततेला शून्य अंशाच्या तक्त्याने लिटरला ४३६ ग्रॅम, दळलेलं, चिमटीचिमटीने, फेस न आणता. २५ अंशाच्या तक्त्यात तेच ४७२ आहे, थंड रसाला तो आकडा लावू नका. रात्रभर थंडीत, मग सेंट्रिफ्यूज. साका थोड्या पीएच ८ च्या ट्रिस बफरमध्ये विरघळवून १२-१४ किलोडाल्टनपेक्षा मोठे रेणू आत धरणाऱ्या नळीत डायलिसिस (मीठ पाझरून काढणं), तीनदा पाणी बदलून. सबटिलिसिन (बॅसिलसचं नेहमीचं अल्कलाइन प्रोटीएज) २७ किलोडाल्टनच्या आसपास असतं, आत राहतं. कॅल्शियम क्लोराइड २ मिलिमोलर शेवटच्या बदलात घाला, आधी घातलं तर सल्फेटबरोबर जिप्सम होऊन खाली बसतं. हे कॅल्शियमच एन्झाइमला स्वतःचं पचन होण्यापासून बरंच वाचवतं.

पण वाळवून पूड करू नका. प्रोटीएजची धूळ श्वासात गेली की दम्यासारखी अ‍ॅलर्जी होते. १९६० च्या दशकाअखेरीस एन्झाइम असलेली धुण्याची पावडर बनवणाऱ्या कामगारांत हे दिसलं आणि तेव्हापासून कारखाने एन्झाइमचे मेणासारख्या आवरणाचे दाणे करतात. कॉलेजच्या लॅबमध्ये ती सोय नसते. ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये द्रवच ठेवा, ४ अंशाला, आणि डागाची चाचणी त्यावरच करा: सारखे ५ सें.मी.चे सुती तुकडे, प्रत्येकावर ०.१ मि.लि. रक्त, तासभर वाळवून, ४० अंशाच्या पाण्यात २० मिनिटं. एक तुकडा नुसत्या पाण्यात, एक नुसत्या साबणात, एक उकळून मारलेल्या एन्झाइमसह साबणात, एक जिवंत एन्झाइमसह. पाणी ४० च्या वर नेऊ नका, रक्त शिजून धाग्याला घट्ट बसलं की चारही तुकडे सारखेच दिसतील.